मूठभर खडेमीठ

डोळ्यांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "चंद्राबाई, तुम्ही लिहा. रांगेत थांबलेल्यांना धीर येईल." मी म्हटलं, सिस्टर, मी कोळीण. सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत गेले, पुढे टोपली उचलली. त्या म्हणाल्या, टोपली उचलता तसं लिहा. मग बसले लिहायला. धीर देईन, पण आधी माझ्या हातून झालं ते सांगेन. ते गाळून नुसता धीर दिला तर तो खोटा होईल.

शिंगाळ्याचा काटा

माझा डावा डोळा लहानपणीच देवीत गेला. त्याचं कधी दुःख केलं नाही, कारण दोन डोळ्यांनी जग कसं दिसतं तेच आठवत नव्हतं. उजवा मात्र असा तेज की समोरच्या टोपलीतली मासळी कालची की आजची ते लांबून सांगायची. मासळी डोळ्यावरून ओळखतात. ताज्या मासळीचा डोळा काचेसारखा, फुगीर असतो. शिळी झाली की त्याच्यावर पांढरट साय धरते.

आमचं घर वर्सोव्याला, कोळीवाड्यात. माझा नवरा हिराजी होडीवर जायचा, मी अंधेरीच्या चाळींमधून दारोदार मासळी विकायची. बांगलादेशच्या लढाईच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. एका सकाळी घाईत शिंगाळा मासा साफ करताना त्यानं शेवटचा झटका मारला आणि काटा उजव्या डोळ्याला लागला. "काही होत नाही" म्हणत मी मध घातला. शेजारणीनं तिच्या अंगावरचं दूध घातलं. सहा दिवस हे असले उद्योग केले. पहिल्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते तर ही गोष्टच झाली नसती. डोळ्याला लागलं तर मध-बिध काही घालू नका, सरळ इस्पितळ गाठा.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. "बुबुळावरच्या काचेवर फूल पडलंय. औषधानं जायचं नाही. मेलेल्या माणसाच्या डोळ्यातली काच बसवावी लागेल. कुणी दिली तर."

"मेलेल्याचा डोळा?" हिराजी म्हणाला. "आणि तो देणार कोण?"

"तोच तर प्रश्न आहे."

घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. आरसा दिसत नव्हता, पण हिराजीला विचारलं, "कसा दिसतो रे?" आमच्याकडे बायका नवऱ्याला अरेतुरे करत नाहीत. मी करायची, पहिल्यापासून. मी म्हटलं, "शिळ्या हलवा मासळीच्या डोळ्यासारखा ना?"

"गप गो," म्हणाला आणि बाहेर गेला.

परबकाका

टोपली सुटली. हिराजीनं चूल सांभाळली. भात कधी चिकट व्हायचा, कधी कच्चा, आणि मी त्याच्यावर खेकसायची. आंधळ्या माणसाच्या हातात दुसरं काही नसतं, तोंड तेवढं असतं. तो निमूट ऐकायचा. त्याचा हा स्वभाव तेव्हा मला बावळटपणा वाटायचा.

अंधेरीच्या एका चाळीत परबकाका राहायचे. मालवणकडचे, गिरणीत आयुष्य काढलेले. माझं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. प्रत्येक बांगड्याचा कल्ला उघडून बघणार, "गो, ह्यो कालचो" म्हणून मला चिडवणार आणि मग तोच घेणार. माझे डोळे गेल्याचं कळल्यावर काका-काकी दोघंही वर्सोव्याला आली. काकांना तेव्हा छातीचं दुखणं होतं, चार पावलं चालले की धापा टाकायचे.

"चंद्रा गो," ते म्हणाले, "मी मेल्यार ह्ये डोळे तू घे. बांगडे बगूनच झिजलेत, पण चलतीत तुका."

मी रडले. काकी म्हणाली, "रडतस कित्याक? ह्येंका मरूक अजून वेळ आसा."

हिराजीनं काकांना घेऊन इस्पितळात जाऊन कागद भरला. तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, एक डोळा चंद्राला, दुसरा रांगेत जिचा पहिला नंबर आहे तिला. ती होती शांता. नाहूरला राहायची, माझ्याहून बरीच लहान. बाळंतपणानंतर तापात दोन्ही डोळ्यांत फुलं पडलेली. तपासणीच्या दिवशी आम्ही एका बाकावर बसायचो. तिचं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी तिनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. "नाक कुणासारखं आहे हो?" असं ती बाकावर बसलेल्या कुणालाही विचारायची. लोक सांगायचे तुमच्यासारखं, आणि ती आपल्या नाकावरून बोट फिरवून बघायची.

तो दिवस

मे महिना होता. सकाळी दहाच्या सुमारास निरोप आला, परबकाका गेले.

हिराजी मला घेऊन अंधेरीला पोचला तेव्हा चाळीत भांडण जुंपलं होतं. काकांचा भाऊ ओरडत होता, पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल, अशी विटंबना करू देणार नाही. काकी दारात बसली होती. "ह्येंनी शब्द दिलेलो," ती म्हणाली. "तो मी मोडूचंय नाय. कोणाक आडवूचा आसात तर माझ्या अंगावरसून जावा." मग भाऊ वाटेतून बाजूला झाला.

डॉक्टर आले, पाऊण तासात काम उरकून बाहेर आले. दोन डोळे दोन काचेच्या बाटल्यांत, ओल्या कापसावर ठेवलेले. बाटल्या रुंद तोंडाच्या थर्मासात आणि भोवती बर्फ. डॉक्टरांना पार्ल्याला आणखी एका घरी जायचं होतं आणि माझं ऑपरेशन त्याच दिवशी करायचं होतं, म्हणून त्यांनी थर्मास आमच्याकडेच दिला. "टॅक्सीनं सरळ इस्पितळात जा. झाकण उघडू नका. काही करू नका. शांताबाईंनाही निरोप गेलाय."

टॅक्सीत थर्मास माझ्या मांडीवर होता. मला दिसत नव्हतं ना, म्हणून जीव राहीना. वांद्र्यापर्यंत मी तीनदा झाकण काढून आत हात घातला. हिराजी म्हणाला, "नको गो, उघडू नको बोललाय." मी म्हटलं, "तू गप बस."

माहीमला टॅक्सीचं इंजिन तापलं. बॉनेटमधून वाफा, ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, दुसरी टॅक्सी थांबेना. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. मी परत झाकण काढलं. आत हात घातला तर निम्मं पाणी.

"हिराजी, वाट लागली. बर्फ वितळला. जा, बर्फ आण."

माहीमला आमच्यातलेच लोक. हिराजी बंदरावर धावला आणि फडक्यात फोडलेला बर्फ घेऊन आला. मी चाचपून पाणी ओतलं, बर्फ दाबून भरला. आणि मग मी ते बोलले.

"मीठ घाल."

"काय?"

"मीठ रे. खडेमीठ. मूठभर. बंदरावर मिळेल. मीठ घातलं की बर्फ कसा गार पडतो, तुला काय सांगायला पाहिजे?"

आम्ही लांबच्या बाजारात पापलेट पाठवताना तेच करायचो. बर्फ, वर मीठ, मग परत बर्फ. मासळी दगडासारखी कडक होऊन पोचायची आणि लोक म्हणायचे, चंद्राचा माल म्हणजे एक नंबर. वीस वर्षं मी मासळीच्या पाट्या भरल्या होत्या. हातांवर मला इतका भरवसा होता की डोळ्यांवरही कधी नव्हता.

हिराजी घुटमळला. "डॉक्टर बोलला काय करू नको."

"डॉक्टरनं कधी पाटी भरलीय? माझा डोळा आहे तो! नासला तर तू देणार आहेस?"

तो गेला आणि मीठ घेऊन आला. मी माझ्या हातानं पेरलं. पाच मिनिटांत थर्मासाचं तोंड असं गार पडलं की बोटं चिकटली. खरं सांगते, मला अभिमान वाटला. उरलेल्या रस्त्यात मी हिराजीला ऐकवलं, "बघितलंस? तुझ्यावर राहिलं असतं तर झालं होतं."

"मीठ कुणी घातलं? मी!" असंही वर म्हटलं.

इस्पितळात शांता आधीच येऊन बसली होती. बाळ नवऱ्याजवळ देऊन, केस धुऊन, नवी साडी नेसून. आवाजावरून तिनं मला ओळखलं आणि माझा हात घट्ट धरला. थर्मास आत गेला. आम्ही दोघी बाहेर बाकावर.

थोड्या वेळानं मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही. त्यानं जास्त भीती वाटली.

"बर्फात मीठ कुणी घातलं?"

त्यांनी थर्मास बाकावर टेकवला.

"दोन्ही डोळे आतून गोठले. पांढरे पडलेत. आता ह्यांचा काही उपयोग नाही. अहो, बर्फ वितळला असता तरी चाललं असतं! ते पाणीही पुरेसं गार होतं. गार ठेवायचे असतात, गोठवायचे नसतात. कुणी घातलं मीठ?"

शांताचा हात माझ्या हातात होता. मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. पण डोक्यात एकच आलं, मी म्हटलं मी घातलं, तर ही लोकं माझं नाव यादीतून काढतील. असल्या बाईला परत डोळा कोण देणार? मी ओठ मिटले.

"मी घातला साहेब," हिराजी म्हणाला. "आम्ही मासळीला घालतो."

डॉक्टर काय काय बोलले ते लिहीत नाही. अडाणी म्हणाले, त्याच्याहून वाईट काही नाही. तो सगळं ऐकून घेत होता. शांतानं माझा हात सोडला नाही. मलाच धीर देत म्हणाली, "जाऊ द्या हो. भाऊंनी मुद्दाम थोडंच केलं?" तिच्या त्या शब्दानं मला आतून जाळलं आणि तरी मी बोलले नाही.

संध्याकाळी ती नाहूरला परत गेली. जाताना बाळ माझ्याजवळ आणून म्हणाली, "हात लावा. परत येईन तेव्हा मोठा झाला असेल." मी त्याच्या नाकावरून बोट फिरवलं. मग ती गेली.

वॉर्डातले दिवस

मला तिथेच ठेवून घेतलं, आधी डोळ्याची सूज उतरवायला. रोज सहाला थर्मामीटर, सातला चहा, थेंब, परत थेंब. वॉर्डबॉय हिराजीला "मीठवाला" म्हणायला लागले. "आला मीठवाला, आज काय खारवलंस?" तो हसायचा. मी खाटेवर पडून ते रोज ऐकायची.

दोन महिन्यांनी दुसरा एक डोळा आला. कुणाचा ते आम्हाला सांगत नाहीत. त्या माणसाच्या दोन डोळ्यांपैकी एकच चांगला निघाला होता. नंबर शांताचा होता. नाहूरला तार केली, माणूसही पाठवला. घराला कुलूप. बाळ आजारी पडलं म्हणून ती मंडळी गावी गेलेली. डोळा फार काळ ठेवता येत नाही, म्हणून तो मला बसवला. दिसायला लागल्यावर मी तिला शोधत नाहूरला दोनदा जाऊन आले. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. गाव कुठलं ते कुणाला सांगता आलं नाही. आजही दवाखान्याच्या बाकावर लेकराचं नाक चाचपणारी बाई दिसली की मी पुढे होऊन बघते.

ऑपरेशननंतरचे दिवस कसे काढायचे ते सांगते, कारण ह्यासाठीच तुम्ही वाचत असाल. दोन्ही डोळ्यांना पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. शिंकायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही. पेज तेवढी मिळते. तपकीर ओढणाऱ्या बाईला जवळ फिरकू देऊ नका. पाठीला मुंग्या येतात तेव्हा पायाची बोटं हलवा, तेवढी परवानगी असते. आणि कुणीतरी जवळ बसणारं असू द्या. माझ्याजवळ हिराजी बसायचा. चमच्यानं पेज भरवायचा आणि समुद्राचं सांगायचा, आज वारा कुठला, कुणाच्या जाळ्यात काय आलं. एवढं बोलणं त्याला येतं हे मला लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कळलं.

पट्टी सोडली तेव्हा पहिल्यांदा दिसली त्याची बोटं. तीन दाखवत होता. मी म्हटलं, तीन. तो लहान पोरासारखा रडायला लागला.

काकी

काकी भेटायला आली. खाटेवर बसली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उजव्या डोळ्यात बघत राहिली.

"ह्येंचोच," ती म्हणाली. "तीच नजर. बांगडो परतवन बगतत तीच."

काकांचा डोळा माझी सूज उतरेपर्यंत राखून ठेवला होता, अशी तिची समजूत होती. मी हिराजीकडे बघितलं. तो खिडकीकडे बघत होता. काकीनं भावकी अंगावर घेतली होती, मेलेल्या नवऱ्याजवळ उभी राहून डोळे काढू दिले होते. तिला काय सांगू? डोळे मिठात गेले म्हणून? मी म्हटलं, "हो काकी."

एकदा हो म्हटलं की संपलं. तिच्या मुलाला मुलगा झाला तेव्हा माणूस पाठवून तिनं मला बोलावून घेतलं. पाळण्याजवळ उभं केलं. "नीट बग गो. ह्येंका नातू बगूचो होतो. जीव अडाकललो होतो त्याच्यात." मी बघितलं. काकी माझ्या डोळ्याशी बोलत होती, "बगलास? तुमच्यासारखो आसा का नाय?" मी मान डोलावली. घरी येऊन जेवले नाही.

पुढे एकदा हिराजी अंगणात जाळं विणत बसला होता. मी विचारलं, "त्या दिवशी तू का बोललास, मी घातलं म्हणून?"

त्यानं सुईतून दोरा ओढला. "तू बोलशील वाटला. जरा थांबलो मी. मग बोललो, कोणीतरी बोलायला पायजे ना. ती पोर तिथे बसली होती."

एवढंच बोलला, परत कधी विषय काढला नाही. त्याच आठवड्यात इस्पितळात जाऊन त्यानं स्वतःच्या डोळ्यांचा कागद भरला. "दोन नासले, दोन द्यायचे," म्हणाला. मी माफी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहिले. नवरा घरातच असतो, कुठे जातोय, असं वाटतं ना!

अळणी

गेल्या वर्षी हिराजी गेला. दुपारी होडीवरून आला, छातीत कळ आली म्हणाला, आणि ओटीवरच आडवा झाला. मी डोळ्यांच्या इस्पितळात निरोप पाठवला. आता ती मंडळी स्वतःचा थर्मास घेऊन येतात आणि स्वतःच नेतात, कुणाच्या हातात देत नाहीत. चष्मेवाले एक डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर नर्स. काकी आलेली होती, काठी टेकत, अंधेरीहून. माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, "थर्मास उघडा."

"का?"

"उघडा म्हणते ना."

त्यांनी उघडला. मी बर्फाचा एक खडा उचलून जिभेवर ठेवला. अळणी होता.

"अहो बाई, हे काय?"

"मीठ नाही ना, ते बघितलं."

ते गोंधळले. "बर्फात मीठ कोण घालेल?"

"मी घातलं होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग थांबताच येईना. माहीम, टॅक्सी, मूठभर मीठ, दोन्ही डोळे पांढरे पडले ते, शांता, आणि हा समोर झोपलाय त्यानं ते आपल्या माथ्यावर घेतलं ते. भडाभडा सगळं बोलले. हिराजीचे पाय धरून बोलले. डॉक्टर ऐकत उभे राहिले, मग हळूच म्हणाले, "आम्हाला उशीर होतोय," आणि पडदा ओढून कामाला लागले.

काकीचा हात माझ्या पाठीवर होता. तो तसाच राहिला, पण हलायचा थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे," ती शेवटी म्हणाली, "ह्येंनी नातवाक बगूकच नाय गो."

"नाही काकी," मी म्हटलं. "मी बघितला. नुसता मीच."